पाठवणाऱ्याचे नाव

“बाई, हे पैसे तुम्ही स्वतःलाच पाठवताय.”

जाळीखालच्या फटीतून फॉर्म परत आला, तेव्हा खिडकीतली कारकून बाई काय म्हणते आहे हे तिला आधी कळलंच नाही. कळलं ते एवढंच की फॉर्म परत आला. हातातली पर्स तिनं पोटाशी घट्ट धरली. मग वाकून पाहिलं. ‘पैसे घेणाऱ्याचे नाव व पत्ता’ या चौकोनात तिच्याच टपोऱ्या अक्षरात तिचं स्वतःचं नाव होतं, घराच्या क्रमांकासकट, ‘जिन्याजवळचे दार’ अशा खुणेसकट. आणि ‘पाठवणाऱ्याचे नाव’ या चौकोनात जाऊन बसले होते क्रेनचालक प्रशिक्षण केंद्राचे माननीय प्राचार्य. म्हणजे ज्यांना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं ते मोठे गृहस्थ आपल्या खिशात हात घालून तिला पैसे पाठवत होते. रांगेत मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं मान लांब करून फॉर्म वाचला आणि म्हणाला, “असा एखादा प्राचार्य आम्हालाही बघून द्या हो.” तिला हसू फुटलं. फुटलं ते आवरेचना. टपाल कचेरीच्या उंच छताला जाऊन ते आपटलं आणि दुप्पट मोठं होऊन तिच्याच डोक्यावर परत आलं; बचतीच्या खिडकीपाशी उभी असलेली माणसंसुद्धा वळून बघायला लागली. कारकून बाईच्या गालात खोकल्याची गोळी होती, ती तिनं या गालातून त्या गालात नेली. “नवीन फॉर्म घ्या,” ती म्हणाली. “खाडाखोड चालत नाही. आणि मनीऑर्डरची खिडकी लवकर बंद होते, हे आत्ताच सांगून ठेवते. मागनं माझ्या नावानं ओरडायचं नाही.”

भिंतीकडेला उतरतं मेज होतं आणि त्यावर दोरीला बांधलेलं पेन. दोरी इतकी आखूड की लिहिणाऱ्यानं पेनकडे जायचं, पेन काही लिहिणाऱ्याकडे येणार नाही. मेजाच्या लाकडावर आजवर आलेल्या लोकांनी पेन चालतं का बघायला ओढलेल्या रेघा, गोळे, अर्धवट सह्या. तिनंही एक गोल काढला. आत काहीतरी उसळत होतं, पण ती भीती नव्हती. भीती तिच्या चांगल्या ओळखीची होती. ती पोटात गार गोळ्यासारखी बसते. हे गरम होतं आणि बसायला तयार नव्हतं. सकाळपासून असंच चाललं होतं. बंदराच्या कॅन्टीनमध्ये ती किटलीचं झाकण शोधत सगळी फडताळं धुंडाळत राहिली आणि झाकण तिच्या हातातच. “वहिनी, काखेत कळसा अन् गावाला वळसा,” म्हणून हमाल मंडळी खो खो हसली. नवरा बंदरावरच कामाला, म्हणून ती सगळ्या धक्क्याची वहिनी. कितीतरी वर्षं तिनं त्या लोकांना चहा दिला होता. कुणाला साखर किती, कुणाला कप फुटका चालत नाही, कुणाला चहाआधी पाणी लागतं, हे तिला स्वतःच्या घरातल्यासारखं पाठ होतं. आणि आज दुपारी अर्धी रजा टाकून, “जरा दाताच्या डॉक्टरकडे” असं धडधडीत खोटं सांगून, ती इथं आली होती. दात तिचे एकजात धडधाकट होते.

महिन्यापूर्वी फाटकावर नोटीस लागली होती. क्रेनचालकांच्या नव्या तुकडीसाठी अर्ज. या वर्षापासून स्त्री उमेदवारांचेही अर्ज घेतले जातील. प्रशिक्षणाची फी फक्त मनीऑर्डरनं, अमुक तारखेपर्यंतच्या टपालाच्या शिक्क्यानिशी. अर्ज तिनं त्याच आठवड्यात गुपचूप धाडला. फी मात्र राहिली. पैसे होते, जादा पाळ्यांचे, शिवणाच्या डब्यात गुंड्यांखाली ठेवलेले. पण फी भरायची म्हणजे आता खेळ संपला, आता खरं झालं. खरं व्हायच्या आधी नवऱ्याला सांगायला हवं होतं. रोज संध्याकाळी ती ठरवायची, आज जेवताना. जेवताना सासूबाईंच्या गुडघ्याची गोष्ट निघायची. मग आज अंथरुणं घालताना. अंथरुणं घालताना त्याचा चेहरा असा दमलेला, असा शांत दिसायचा की ती दिवाच मालवायची. असं करता करता ती अमुक तारीख उजाडली, आणि ती आज होती.

ती नोटीस लागली नसती तर तिनं कुणालाच काही सांगितलं नसतं, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती एकदा वर गेली होती, इतकंच. पलीकडच्या टोकाच्या क्रेनवर तेव्हा एक म्हातारा चालक होता, त्याला सगळे तात्या म्हणत. वरच्या केबिनपर्यंत चहा जायचा तो दोरीला बांधलेल्या बादलीतून. त्या दिवशी दोरी कप्पीत अडकली आणि तात्यांचा घसा वर कोरडा पडला. ते ओरडत होते आणि खाली सगळे हसत होते. कुणी जाईना. “मी जाते,” ती म्हणाली. गंमत म्हणूनच म्हणाली. थर्मास ॲप्रनच्या खिशात कोंबला आणि शिडी धरली. पहिल्या काही पायऱ्यांपर्यंत खालून शिट्ट्या येत होत्या, मग वारा आला आणि शिट्ट्या पुसल्या गेल्या. शिडीचं लोखंड ओलं होतं, गार होतं, तळहाताला गंज लागत होता आणि त्या गंजाचा वास लहानपणी तोंडात धरलेल्या नाण्यासारखा होता. वर चढता चढता तिला वाटलं आता चक्कर येईल, आता येईल. चक्कर काही आली नाही. केबिनमध्ये पाऊल टाकलं तर पायाखाली काच. काचेखाली सगळं बंदर. तिच्या कॅन्टीनचं पत्र्याचं छप्पर काड्यापेटीएवढं, त्यातून निघणारा धूर, आणि तिच्या हातचा रोजचा चहा पिणारी माणसं, नुसत्या टोप्या आणि खांदे. आणि पाणी. धक्क्यावरून पाणी कायम चिखलासारखं दिसायचं. वरून ते कुठे हिरवं, कुठे काळं, कुठे मधेच रुप्यासारखं. तात्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, “बसा की. खुर्ची रिकामीच आहे.” ती बसली. “धरा.” तिनं दांडा धरला. तात्यांचा हात तिच्या हातावर होता की नव्हता ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की तिनं मनगट केसभर हलवलं आणि तिकडे, लांब, त्या आकाशाच्या पोटात, घराएवढा हूक सावकाश हलला. तिला भूक लागली. खरोखरची, कडकडून. खाली आल्यावर तिनं उभ्या उभ्या पावाचे चार तुकडे खाल्ले. संध्याकाळी घरी जायच्या आधी हात साबणानं दोनदा धुतले, कारण तो गंजाचा वास नवऱ्यानं ओळखला असता.

त्यानं ओळखलाच असता. तो स्वतः त्या वासात नऊ-दहा वर्षं राहिला होता. लग्नाआधी ती त्याला ओळखत होती ती ‘मधल्या क्रेनवरचा’ म्हणून. चहा प्यायला खाली उतरायचा तेव्हा बाकावर न बसता उभाच राहायचा, जणू बसलं तर उंची कमी होईल. मग तो वाऱ्याचा दिवस. लाकडाच्या ओंडक्यांची मोळी वर उचललेली, एका बाजूनं साखळी निसटली, मोळी तिरपी झाली आणि झोके घ्यायला लागली. खाली एक माणूस होता. तो पळाला, वाचला, दुसऱ्या दिवशी पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून कामावरसुद्धा आला. मोळीही कुणीतरी खालून ओरडून ओरडून उतरवून घेतली. पण मधल्या क्रेनवरचा खाली उतरेना. दोघं जण वर गेले आणि मांजराच्या पिल्लाला झाडावरून काढावं तसं त्याला एकेक पायरी करत खाली आणलं. सगळा धक्का बघत होता. तीही बघत होती, हातात किटली, आणि किटलीतला चहा जमिनीवर सांडत होता. त्यानंतर तो सामानाच्या कोठारात गेला. आवक, जावक, पावत्या, पार्सलं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही. कामावर जाताना मागच्या रस्त्यानं जायचा, तिकडून क्रेन दिसत नाहीत. घरात पश्चिमेच्या खिडकीला पडदा त्यानं आपणहून आणून लावला, ऊन येतं म्हणून. सासूबाई एकदा कौतुकानं म्हणाल्या होत्या, “जमिनीवर चालणाऱ्याला पडायची भीती नाही, बाई. देवानं शहाणपण दिलं माझ्या लेकाला.” तो ताटातलं मीठ बोटानं एका बाजूला सारत बसला होता. अशा माणसाला काय म्हणून सांगायचं? की तुझं जे गेलं ते मला हवं आहे? रोज संध्याकाळी तुझ्यासमोर बसून मी त्याच वाऱ्याच्या गोष्टी सांगेन?

दुसरा फॉर्म तिनं जीव ओतून भरला. आधी रक्कम अंकी. मग रक्कम अक्षरी, आणि तिच्यापुढे ‘फक्त’. हे ‘फक्त’ लिहिताना तिला परत हसू आलं. शिवणाच्या डब्यातल्या सगळ्या गुंड्या जिच्यावर झाकण म्हणून पसरल्या होत्या ती रक्कम, आणि म्हणे फक्त. मग घेणाऱ्याचं नाव, यावेळी योग्य चौकोनात. मग पाठवणाऱ्याचं. इथं पेन थांबलं. नोटिशीत म्हटलं होतं, उमेदवाराचे नाव शाळेच्या दाखल्याप्रमाणे असावे. अर्जात तिनं तसंच घातलं होतं, पण अर्ज घरी बसून भरला होता, इथं भर कचेरीत ते नाव लिहिताना तिला एखाद्या परक्या मुलीला हाक मारल्यासारखं वाटलं. माहेरचं आडनाव. त्या नावाची मुलगी भिंतीवर चढायची, शाळेच्या पाण्याच्या टाकीवर चढून बसायची आणि बाई खालून छडी दाखवायच्या. “तुझे पाय जमिनीला लागतील तो दिवस सोन्याचा,” आई म्हणायची. लागले की. कॅन्टीन आली, लग्न झालं, पाय जमिनीला असे लागले की चपलांचे तळवे झिजले. आई गेली, शाळा पाडली, आणि त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. तिनं नाव लिहिलं. शेवटच्या अक्षराची वेलांटी जरा जास्तच वर गेली, आणि ती वर गेलेली बघून तिला उगाचच आनंद झाला.

“ओळखपत्र,” कारकून बाई म्हणाली. तिनं बंदराचं ओळखपत्र फटीतून आत सारलं. गोळी या गालातून त्या गालात गेली. “इथं एक नाव, फॉर्मवर दुसरं.”

“तेही माझंच आहे. माहेरचं.”

“असेल. पण ही जी बाई पाठवतेय तिचं ओळखपत्र तुमच्याकडे नाही, आणि जिचं आहे ती पाठवत नाही. मी काय करू?”

“तिकडे दाखल्यावरचं नाव लागतं हो.”

“इकडे ओळखपत्रावरचं लागतं. तुम्ही आधी ठरवा तुम्ही कोण ते, मग या. पुढचे!”

म्हातारा पुढचा होता. तो काही तिरकस बोलला नाही, उलट म्हणाला, “या बाईंना आधी घ्या, मी थांबतो.” पण घेणार काय? ती बाजूला झाली. कानशिलं तापली होती. भिंतीवरचं घड्याळ बघायचं नाही असं ठरवून तिनं ते बघितलं. अर्ध्या तासात खिडकी बंद होईल, आणि उद्याचा शिक्का उद्याचा असेल. तरी आतलं ते गरम काही विझत नव्हतं; उलट खडे टाकल्यावर मोहोळ उठावं तसं उठत होतं. ठरवा तुम्ही कोण ते. आणि त्याच वेळी कचेरीचा जड दरवाजा ढकलून, दोन्ही काखांत पार्सलं आणि खांद्यावर कोठाराची पिशवी घेऊन, तिचा नवरा आत आला.

पार्सलं टाकायला तो रोज येतो हे तिला माहीत होतं. फक्त तो सकाळी येतो असं तिला वाटत होतं. तिला खांबामागे व्हायची लहर आली. खांब बारीक होता. त्यानं बघितलं.

“तू? दात?”

“दात नाही.” मग उगाचच, “बरे आहेत दात.”

“मग इथं काय?”

“मनीऑर्डर.”

“कुणाला?”

तिच्या जिभेवर मावशी आली. मावशी, आजारी, लांबच्या गावातली. मावशीला चार पैसे पाठवले तर कोण काय म्हणणार? आणि मावशीचं नाव ओठांवर येतंय तोच तिला दिसलं की एकदा हे बोललं की मग पुढचं सगळं मावशीच्याच नावावर होणार. शिडी मावशीची, केबिन मावशीची, आणि आपण जन्मभर काखोटीला लपवलेल्या चोरट्या वस्तूसारखा तो आनंद घेऊन घरात वावरणार. तिनं फॉर्म त्याच्या पुढे धरला. त्यानं पार्सलं मेजावर ठेवली आणि वाचला. चार ओळींचा फॉर्म, तो वाचायला इतका वेळ कशाला लागतो? आधी त्याचे कान लाल झाले, मग मान. त्यानं फॉर्म परत दिला.

“बरं,” तो म्हणाला, पार्सलं उचलली आणि पलीकडच्या खिडकीपाशी जाऊन रांगेत उभा राहिला.

बरं. या एका शब्दाला किती दारं असतात. बरं म्हणजे ठीक आहे. बरं म्हणजे कळलं तुझं प्रेम. बरं म्हणजे घरी चल मग बोलू. बरं म्हणजे आता बोलण्यासारखं काही उरलं नाही. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. शर्टाची शिवण खांद्यावर उसवली होती, ती तिनंच घातलेली, गेल्या महिन्यात, घाईत. एक पार्सल तो खाली ठेवत होता, पुन्हा उचलत होता, पुन्हा ठेवत होता. हाक मारावी? काय म्हणून? रागावलास का? रागावलाच असेल. आणि मग तिच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती स्वतःच चकित झाली: त्यानं मान हलवून ‘नको’ म्हटलं असतं, तरी ती इथून परत गेली नसती. वाईट वाटलं असतं, रडली असती, फॉर्म भिजला असता, मग कोरडा फॉर्म घेतला असता. इतकं साधं होतं हे? महिनाभर ज्याला ती भीत होती तो त्याचा नकार नव्हताच. आपल्याला तो नकार पुरेसा वाटणार नाही, याची तिला भीती होती. ती तडक खिडकीपाशी गेली आणि जाळीला तोंड लावून म्हणाली, “ताई, पाठवणारी बाई एक, आणि फी दुसरीच्या नावाची, असं चालतं का?”

कारकून बाईनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. “न चालायला काय झालं? बाप पाठवतात, काका पाठवतात. पाठवणारा कुणीही असू दे, ओळखपत्र त्याचं पाहिजे. ज्याची फी, त्याचं नाव खाली संदेशाच्या जागेत लिहायचं. संदेशाची जागा कशाला दिलीय? लोक तिथं ‘सर्व कुशल’ लिहितात आणि वाया घालवतात.”

“मग मीच मला पाठवते!”

“पहिल्यापासून तुमचा तोच तर विचार दिसतोय,” कारकून बाई म्हणाली, आणि गोळी कडकन चावली. बहुधा हसू लपवायला.

तिसरा फॉर्म. आता पेन तिच्याकडे आपणहून आल्यासारखं वाटलं. पाठवणाऱ्याचे नाव: सासरचं, ओळखपत्रावरचं, रोजचं, चहाचं. आणि खाली संदेशाच्या जागेत, ‘उमेदवाराचे नाव’ असं लिहून त्यापुढे माहेरचं. एकाच कागदावर दोघी. एकीनं जादा पाळ्या करून पैसे साठवावेत आणि टाकीवर बसलेल्या दुसरीला म्हणावं, घे, चढ. तिचा ऊर असा भरून आला की अक्षरं वाकडी होऊ नयेत म्हणून तिला मधेच थांबून श्वास घ्यावा लागला. संपूर्ण फॉर्म तिनं दोनदा वाचला. एक चूक नव्हती. ती वळणार तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक बोट आलं आणि प्राचार्यांच्या नावावर टेकलं.

“हे चुकलंय.”

तिला त्याच्या श्वासाचा वास आला, कोठारातल्या तागाचा. “नोटिशीवर हेच नाव आहे,” ती म्हणाली. आवाज भांडकुदळ निघाला.

“नाव बरोबर असेल. पण नाव लिहायचं नाही. नुसतं ‘प्राचार्य’. माणसाच्या नावानं मनीऑर्डर गेली की ती त्याच माणसाच्या हातात पडावी लागते. तो रजेवर असला, बदलून गेला, की तुझे पैसे फिरून तुझ्या दारात.” तो थांबला. “माझे आले होते. तेव्हाचा प्राचार्य लेकीच्या लग्नाला गेला होता. मी वर्षभर थांबलो नुसता त्या लग्नापायी.”

“हे कधी सांगितलं नाहीस.”

“तू पण नाही सांगितलंस.”

तिनं दोरीचं पेन मेजावर ठेवलं. मग म्हणाली, “तुला वाईट वाटेल म्हणून.”

“वाटलंच. तिकडे रांगेत उभा राहून वाटून घेतलं.” त्यानं नाक ओढलं. “वाटणारच ना? दगड आहे का मी? पण म्हणून तू फॉर्म चुकीचा भरायचा?”

ती नवा फॉर्म मागायला गेली तेव्हा कारकून बाईनं डोक्यावर हात मारला. “बाई, आमचा सगळा छापखाना आज तुमच्या सेवेला आहे का?” पण फॉर्म दिला, आणि खिडकीचं फळकूट अर्ध्यावर ओढून तसंच धरून ठेवलं. “लिहा लवकर. मी काही बघत नाही.” तिनं लिहायला घेतलं. मेज उतरतं, कागद घसरत होता. नवऱ्यानं दोन बोटांनी तो वरच्या कोपऱ्यात दाबून धरला. तिचं पेन ‘फक्त’पाशी आलं तेव्हा तो वाकून वाचत असल्याचं तिला जाणवलं, आणि खाली संदेशाच्या जागेत ते जुनं नाव उमटलं तेव्हा तो हलकेच म्हणाला, “या नावाची मुलगी मला कधी कळलीच नाही.” तिनं वर बघितलं नाही. वर बघितलं असतं तर शेवटचं अक्षर डागाळलं असतं.

कारकून बाईनं पैसे घेतले, ओळखपत्र पारखलं, ओठ हलवत सगळे चौकोन वाचले. मग शिक्का उचलला. तो शिक्का वर गेला आणि खाली आला, एवढंच झालं. पण त्या धप्पकन आवाजानं तिच्या टाचांपासून डोक्यापर्यंत काहीतरी सरसरत गेलं. आजची तारीख. पावती फटीतून बाहेर आली. “फॉर्म चुकला नाही,” कारकून बाई म्हणाली. “एकदाचा.” आणि फळकूट पाडलं.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं, माणसं वरखाली करत होती. दोघं उभी राहिली. तिला आरडाओरडा करावासा वाटत होता, त्याचा हात धरावासा वाटत होता, पळत सुटावंसं वाटत होतं, आणि यातलं काहीच न करता ती पावतीच्या घडीवर घडी घालत होती.

“मला उंचीची भीती नव्हती वाटली त्या दिवशी,” तो एकदम म्हणाला. रस्त्याकडे बघत. “सगळ्यांना वाटतं तसं नाही ते. तो खालचा माणूस मला दिसत होता. इतका स्पष्ट. त्याला मी दिसत नव्हतो. तेच माझ्यानं सहन होईना.”

  तो थांबला नाही. कितीतरी वर्षं जो माणूस जेवताना ‘वाढ’ आणि ‘पुरे’ एवढंच बोलला होता तो बोलायला लागला होता, आणि शब्द धडपडत, एकमेकांच्या पायात पाय घालत बाहेर येत होते. “तिथं तुला सांगतील, खाली बघू नका. ऐकायचं नाही. खालीच बघायचं, कामच ते आहे. माल बघायचा नाही, मालाखालची जमीन बघायची. आणि वारा आला की घाबरून झटकन थांबवायचं नाही, झटकन थांबवलं की झोका वाढतो. झोक्याबरोबर जायचं. तो जातो तिकडे थोडं जायचं, मग तो आपोआप… थांब, असं नाही कळणार. हे धर जरा.”

त्यानं खांद्यावरची पिशवी काढून तिच्या हातात दिली. मग टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर, भर गर्दीत, दोन्ही हात पुढे केले आणि हवेत दोन दांडे धरले. बोटं आपसूक वळली, जागेवर बसली. पायऱ्या चढणारा एक माणूस वळसा घालून गेला; एका बाईनं पोराला जवळ ओढलं. त्याला कुणी दिसत नव्हतं. “डावा हात फिरवायला,” तो म्हणाला. “उजवा उचलायला. हे बघ, आता तो तिकडे चाललाय. जाऊ दे. जाऊ दे. आता त्याच्यामागे. सावकाश.” त्याचं डावं मनगट केसभर हललं. डोळे पायऱ्यांखालच्या फरशीवर खिळले होते, तिच्या चपलांपुढच्या मोकळ्या जागेवर. “आता उतरव. हळू. अजून हळू.”

ती एक पाऊल मागे सरकली. माल खाली येत होता.